सरांची केबल

मिक्सर म्हटलं की आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत सगळ्यांना शेंगदाण्याची चटणीच आठवायची. "एवढं शिकून मिक्सरच दुरुस्त करतीस व्हय?" असं शेजारच्या काकू तोंडावर विचारायच्या. समजावून सांगणं मी सोडून दिलं होतं. आमचा मिक्सर रेडिओतला. अँटेनावरून आलेला बारीक सिग्नल आणि आपणच डब्यात तयार केलेला दणकट सिग्नल त्यात एकत्र करायचे, म्हणजे कामाचा तिसरा निघतो. गोची एवढीच की तो दणकट सिग्नल आत गप बसत नाही. उलटा फिरून अँटेनातून बाहेर पळतो, आणि आपला रिसीव्हरच शेजारच्या रिसीव्हरांना खरखर ऐकवत बसतो. ही गळती कमी करायला, म्हणजे आमच्या भाषेत आयसोलेशन मिळवायला, चिकलठाण्याच्या एका कंपनीनं मला प्रोबेशनवर घेतलं होतं.

कायम होणं मला लई गरजेचं होतं. शहरात हे काम करणारी दुसरी कंपनी मला सापडली नव्हती, म्हणजे इथं नाही तर पुणं. आणि घरी पप्पा होते, अर्धांगवायूनं एक बाजू गेलेले. आई नाही, भावंडं नाहीत. दुपारी काकू डोकावून जायच्या, बाकी भरवणं, पुसणं, कूस बदलणं माझ्याकडं. मी पुण्याला गेले तर त्यांना खुलताबादला चुलत्याच्या दारात टाकावं लागणार होतं, आणि चुलता कसा आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून मी जीव तोडून काम केलं. मिक्सरमधले चार डायोड जुळ्यांसारखे सारखे लागतात, मग गळतीचे दोन भाग एकमेकांना खोडून काढतात. मी ढिगातून मोजून मोजून सारखे निवडले. कॉइल स्वतः गुंडाळल्या, बोर्डावरच्या दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या केल्या, वर पत्र्याचं झाकण लावलं. स्क्रीनवरची गळतीची रेघ तसूभर हलली नाही.

आमचे सर, म्हणजे लॅबचे मुख्य, दर शनिवारी सगळ्यांना कामाचा हिशेब उभ्यानं द्यायला लावायचे. माझी पाळी आली की चहाचा कप हातात घेऊन सरसावून बसायचे. "सवलतीत डिग्री मिळते," एकदा म्हणाले, "आयसोलेशन नाय मिळत." सगळी लॅब हसली. माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातली भाजी खाणारीसुद्धा हसली. मी तोंडातल्या तोंडात त्यांना जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्यानंतर त्यांना नवं कोलीत सापडलं. दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असते. आम्ही बौद्ध, त्या दिवशी मी पप्पांना रिक्षात घालून लेणीवर नेते, तसं नेलं. सोमवारी सर म्हणाले, "पूजेला नव्हती ना ही, म्हणून मिक्सर रुसलाय." मग दर शनिवारी तेच.

मोजमापाला सिग्नल जनरेटरपासून मिक्सरपर्यंत एक जाड केबल लागायची. ती सरांची. जुन्या नोकरीतून आणलेली, परदेशी. एकदा जोडली की तिला कुणी हात लावायचा नाही, नट आवळायचा तो सरांनीच. पूजेत तिला जनरेटरइतकाच मान. आमच्यासारख्यांनी तिच्याकडं लांबूनच बघायचं.

मला एकच गोष्ट खटकत होती. मी काहीही बदललं तरी रेघ तेवढीच कशी? एका दुपारी सर लग्नाला गेले होते. मी मिक्सरच काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, सरांच्या केबलचं आणि स्क्रीनकडं जाणाऱ्या केबलचं मोकळं तोंड लोडनं, म्हणजे सिग्नल गिळणाऱ्या टोपणानं, बंद केलं आणि जनरेटर चालू केला. मिक्सर जाग्यावर नाही, तरी रेघ तिथंच, तेवढीच उंच. मग मी सरांच्या केबलच्या कनेक्टरला बोट लावलं. रेघ नाचायला लागली.

नट उघडला. आत आट्यांमध्ये मागच्या कैक दसऱ्यांचं कुंकू बसलं होतं, नारळाच्या पाण्यात कालवून घट्ट वाळलेलं, आणि खालचा धातू हिरवा पडला होता. सिग्नल आत कोंडून ठेवणाऱ्या बाहेरच्या जाळीचा संपर्क तुटला होता, म्हणून सिग्नल तिथूनच हवेत सुटून माझ्या मोजमापात शिरत होता. मी स्पिरिटनं आटे घासून काढले, मिक्सर परत जोडला. रेघ धपकन खाली आली. माझा मिक्सर चांगला होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, रागानं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये, दार लावून, शांतपणे सांगितलं. चारचौघांत बोलले नाही, तेवढी अक्कल मला होती.

"म्हणजे पूजेनं गळती झाली म्हणतीस."

"पूजेनं नाही सर. कनेक्टरमध्ये पाणी गेल्यामुळं."

"माझ्या केबलला हात लावलास."

शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ग्राउंडिंगचा दोष त्यांनी शोधून काढला आहे. नवी केबल आली. बोर्ड चाचणीत पास झाला, पेढे वाटले गेले, एक मलाही मिळाला. पंधरवड्यात एचआरच्या मॅडमनी बोलावलं. कायम करता येणार नाही म्हणाल्या. काम उत्तम आहे, हेही त्याच म्हणाल्या. "पण कंपनीच्या कार्यक्रमांना येत नाहीस, टीममध्ये रमत नाहीस, असा सरांचा शेरा आहे. आणि ते काम तर आता झालंच ना."

घरी येऊन भात कालवला आणि पप्पांना भरवता भरवता सगळं सांगितलं. गावात जत्रेची वर्गणी द्यायला नकार दिला म्हणून मार खाल्लेला माणूस. लहानपणी माझ्या हातातला देवाचा दोरा यांनीच कात्रीनं कापला होता. त्यांनी तोंडातला घास गिळला. मग वाकड्या झालेल्या तोंडानं, जड जिभेनं म्हणाले, "जायचं व्हतं की गं पूजेला. काय झिजलं असतं तुझं?"

मला इतका राग आला की हातातला घास मी ताटात परत ठेवला. ते तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिले.