क्रमांक सतराचं ‘नाय’

उत्तरदाता क्रमांक सतरा आज सकाळी वारली.

तिचं नाव हौसाबाई. माझ्या थीसिसमध्ये ते कुठेच नाही. तिथे ती फक्त सतरा आहे.

सकाळपासून मला माझीच किळस येतेय, म्हणून हे लिहितोय. ‘सर, स्वतःला सावरा’ वगैरे कमेंट करू नका प्लीज.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट.
मी दहिवलीचा. मुंबईत समाजशास्त्रात एम.फिल. करत होतो. गाइड परदेशातून थिअरी शिकून आलेले, सूट घालून वर्गात यायचे.

मोहोपाड्याच्या बाजूच्या एका गावातली भातखाचरं एका कंपनीला स्टाफ कॉलनीसाठी हवी होती. लोकांना काय वाटतं त्याचा सर्व्हे सरांकडे आला. सरांनी तो मला दिला, कारण खालापूर तालुक्यातलं ते गाव माझ्या आईचं माहेर.

मी खूश. डेटाही मिळणार, डिग्रीही.

गावात कोणी तोंड उघडेना. छापील कागद घेऊन फिरणारा म्हणजे सरकारी माणूस, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

हौसामावशी आईची लहानपणची मैत्रीण. ती मला हाताला धरून घरोघर घेऊन गेली.
“आपल्या शेवंतीचा पोरगा हाय. काय ते सांगा त्याला. आपलाच हाय.”

तिच्या शब्दावर लोक बोलले.

प्रश्न क्रमांक अकरा असा होता: ‘कर्मचारी वसाहतीसाठी आपली जमीन देण्यास आपली हरकत आहे काय?’

पुन्हा वाचा. असलं मराठी कोण बोलतं हो?
या प्रश्नावलीची रीतसर चाचणीसुद्धा झाली होती. आमच्याच डिपार्टमेंटच्या क्लार्कांवर.

मावशीने ‘जमीन देण्यास’ एवढंच ऐकलं आणि म्हणाली, “नाय.”
मग माझ्या पेनाकडे बोट दाखवून, “नाय म्हंजे नाय. तीन येळा लिव.”

फॉर्मवर दोनच चौकोन. आहे. नाही.
मी ‘नाही’वर टिक केली.

म्हणजे काय झालं? हरकत नाही.

अख्ख्या गावाचं हेच. जमीन द्यायची नाय, म्हणून ‘नाय’. आणि माझ्या कागदावर सगळं गाव जमीन द्यायला राजी.

मला कळत नव्हतं असं नाही. आजोळची बोली आहे ती माझ्या. मी प्रत्येक फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, ‘विरोध आहे’. वाटलं, सर बघतील.

सरांनी बघितलं. खोडरबर मागवला.

“मार्जिन इज नॉट डेटा. लोकांच्या तोंडात आपले शब्द घालायचे नसतात. ऑब्जेक्टिव्हिटी म्हणतात याला.”
“पण सर, ते नाही म्हणतायत.”
“मग? नाहीच लिहिलंय ना?”

एकेका फॉर्मवरचं ‘विरोध आहे’ त्यांच्यासमोर मीच खोडलं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक केलं. सगळ्यांचं उत्तर एकच, म्हणजे डेटा किती रिलायबल!
चहा-बिस्किटं झाली. मीही खाल्ली.

कंपनीने तो रिपोर्ट फाइलला लावला. जमिनीच्या सुनावणीत सरकारी साहेबाने तो गावाला वाचून दाखवला: ग्रामस्थांची हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मावशी दहिवलीला आली. ओटीवर बसली. आईने दिलेलं पाणी तसंच ठेवलं.

“काय लिवलंस रं तू?”
“मावशी, मी नुसतं लिहून घेत होतो. ठरवणारे मोठे लोक.”
“पन अक्षर तुझंच हाय ना?”

मी मान डोलावली.

“मंग आता नीट लिवून दे. आमी नाय म्हनलो व्हतो, असं. तुज्या सयीनं. साहेबाला दावते.”

डिग्रीचा कागद अजून हातात यायचा होता. सरांच्या विरोधात सही करायची?
मी म्हणालो, “बघतो.”

आईने तोंड फिरवलं.
मावशी तशीच उठली आणि स्टँडवर गेली.

जमीन गेली. तुम्ही म्हणाल, तशीही गेली असती. असेल. पण गेली ती माझ्या अक्षरात गेली.
आणि गावाने बोट दाखवलं मावशीकडे. त्या कागदवाल्याला घरात कोणी आणलं? हिनंच! कितीतरी वर्षं तिच्याकडे हळदीकुंकवाला कोणी फिरकलं नाही.

मी प्राध्यापक झालो. संशोधन पद्धती शिकवली.
दर वर्षी वर्गात हे उदाहरण द्यायचो, ‘एका संशोधकाने काय केलं माहितीये...’
पोरं खो खो हसायची. त्यांच्याबरोबर मीही.
थू.

आज तिच्या नातवाचा फोन आला.
“आजी गेली. तुमाला कळवा म्हनली व्हती.”
मी विचारलं, “अजून काही म्हणाली?”
“मदी मदी इचारायची, शेवंतीच्या पोराचा कागुद आला का. कसला कागुद ते आमाला काय म्हायत नाय.”

चाळीसहून जास्त वर्षं वाट बघत होती ती. मी ‘बघतो’ म्हणालो होतो ना.

तो कागद आज लिहिला, खाली त्याचा फोटो टाकलाय. टाइप केलेलं नाही, अक्षर माझंच आहे. सहीही आहे. हाच कागद घेऊन आता खालापूरकडे निघालोय. गावकऱ्यांनी आत येऊ दिलं तर तिच्याजवळ ठेवीन, नाही दिलं तर वेशीवर उभं राहून मोठ्याने वाचीन.

मावशी, तुला श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही. तू सांगितलेलं तेवढं लिहिलंय.

हौसाबाईंची जमीन द्यायची का?

नाय.
नाय.
नाय.