गौरवचा पलंग पडेगावला गेला तेव्हा

आमच्या घरात ढेकूण झाले, त्याच आठवड्यात शहराच्या बास्केटबॉल संघाचं भवितव्य धोक्यात आलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे आणि त्यांच्या बरोबर मधोमध मी उभा आहे.

माझा भाचा गौरव हा आमच्या शहराच्या व्यावसायिक संघाचा हुकमी खेळाडू. उंची सहा फूट आठ इंच. उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीत राहतो. (मी ‘राहतो’ म्हणतो, बायको म्हणते, ‘वाकून राहतो.’) त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण सुमा, लासूर स्टेशनला एकटी असते. मेहुणे गेल्यापासून तिचा सगळा आठवडा सोमवारकडे डोळे लावून जातो. सोमवारी संघाला सुट्टी असते, मग गौरव रेल्वेनं लासूरला जातो, तिच्या हातच्या भाकरी खातो (किती, ते विचारू नका!) आणि संध्याकाळी परत येतो. मोठमोठ्या शहरांतून बोलावणी आली तरी तो इथंच राहिला, तो त्या सोमवारपायी. आणि मी सुमाला शब्द दिला होता, “तू काळजी करू नको. पोरगं माझ्याजवळ आहे.”

या शब्दाला जागून मी त्याच्यासाठी पलंग करायला घेतला. एवढ्या लांबीचा पलंग दुकानात मिळेना. तेव्हा मी डोकं चालवलं. (मी डोकं चालवलं की काय होतं, हे आमच्या मीनलला लग्नापासून ठाऊक आहे.) जुन्या बाजारातून एक दिवाण आणला, मधोमध कापला आणि घरातल्या पलंगाच्या पायथ्याला जोडून टाकला. साडेसात फूट! गौरव पहिल्यांदाच पाय सरळ करून झोपला तेव्हा मला भरून आलं. त्या दिवाणात आधीपासून कुणाचं तरी बिऱ्हाड होतं, हे मला कसं कळणार?

पुढच्याच सामन्यात गौरव भर मैदानात पाठ खाजवू लागला. फ्री थ्रोसाठी उभा राहिला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि चेंडू सोडायच्या ऐन क्षणी त्याचा डावा हात मांडीकडे धावला. चेंडू बोर्डालासुद्धा लागला नाही! माझ्या शेजारी आमचे खलीलभाई बसले होते. घराखालीच त्यांचं मोबाईलचं दुकान आहे आणि फोनवर ते खेळाच्या बातम्यांचं चॅनल चालवतात. सगळं शहर ते बघतं.

“काका,” ते गंभीरपणे म्हणाले, “इसका दिल इधर नै है.”

दुसऱ्या दिवशी मीनल चादर बदलायला वर गेली आणि खाली आली ती पांढरीफटक पडून.

“अहो, ढेकूण!” ती कुजबुजली. “तुमच्या त्या दिवाणात खच्चून भरलेत! आणि हे बघा, बाहेर कुठं बोललात तर याद राखा. वन्संना कळलं तर जन्मभर ऐकावं लागंल मला!”

वन्सं म्हणजे आमची सुमा. ती उंबऱ्यावर बोट फिरवून धूळ बघणाऱ्यांपैकी आहे. तेव्हा गौरवलाही सांगायचं नाही असं ठरलं. पलंग पॉलिशला द्यायचाय, एवढंच त्याला सांगितलं. गरीब बिचारा म्हणाला, “मग मी चार दिवस मित्राकडं झोपतो, मामी,” आणि बॅग घेऊन गेलाही.

गच्चीवर पलंग वाळवला तर सगळी गल्ली बघणार. म्हणून पडेगावला माझ्या मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन त्याला औषध मारायचं आणि ऊन द्यायचं असा बेत केला. टेम्पो दारात लागला. पलंग टेम्पोत मावेना, दोन फूट बाहेर! तेवढ्यात खलीलभाई दुकानातून बाहेर आले.

“काका, पलंग किधर चला?”

“पडेगावला.”

“कायकू?”

‘पॉलिशला’ एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण टीव्हीवर संघांचे बडे लोक पत्रकारांना कसं उत्तर देतात ते मी इतकी वर्षं बघत आलोय. माझ्यातला मुत्सद्दी जागा झाला.

“सध्या काही बोलता येत नाही,” मी म्हणालो.

“गौरवभाईचा पलंग है ना ये?”

“सध्या काही बोलता येत नाही.”

“और सबेरे वो बॅग लेके गया, वो?”

मी हात पाठीमागे बांधले आणि आभाळाकडे बघितलं.

संध्याकाळी चॅनलवर बातमी आली: ‘गौरव शहर सोडणार? पलंग हलवला! अत्यंत जवळच्या सूत्राचं मौन!’ दुसऱ्या दिवशी तिला आणखी पाय फुटले. नागपूरचा संघ गौरवच्या बदल्यात दोन खेळाडू द्यायला तयार आहे म्हणे!

बातमी वाचून मलाही ती खरी वाटायला लागली. गौरव दोन दिवस फोन उचलत नव्हता आणि जाताना बुटांचे सगळे जोड घेऊन गेला होता. मी धावत दुकानात गेलो.

“खलीलभाई, हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“सूत्र का नाम नै लेते काका,” ते म्हणाले आणि त्यांनी मला डोळा मारला.

मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला असेल.

दुपारी सुमाचा फोन आला. “दादा, दोन पोरं घेऊन माझा एक देऊन टाकायलेत म्हणं? माणसाचं असं साटंलोटं करतेत व्हय रे?”

“अगं, अफवा आहे,” मी म्हणालो. माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

“जाऊ दे. त्याचं भलं व्हत असंल तर जाऊ दे. माझं काय, ऱ्हाईन मी. फक्त सोमवारचं…” आणि तिनं फोन ठेवला.

मला फार वाईट वाटलं. तसाच रिक्षा करून स्टेडियमवर गेलो. मॅनेजरांच्या खोलीत गौरव मान खाली घालून बसला होता आणि कोपऱ्यात खलीलभाई फोन उभा धरून थेट प्रक्षेपण करत होते.

“आम्हाला तो हवाच होता,” मॅनेजर म्हणाले. “पण मैदानात लक्ष नाही, सामान हलवलंय. उद्या तसाच निघून गेला तर? त्यापेक्षा दोन पोरं घेतलेली बरी. नागपूरवाल्यांना आत्ता होकार कळवतोय.”

“गौरव, तुला जायचंय?” मी विचारलं.

“मला?” त्याचे डोळे भरून आले. “मामा, पॉलिशचं निमित्त करून तुम्हीच माझा पलंग काढला! मला वाटलं, मी तुम्हाला जड झालो. तुम्हालाच नको असंल तर इथं कशाला राहू?”

मॅनेजरांनी फोन उचलला. माझ्या डोळ्यांपुढे एकीकडे मीनल उभी राहिली आणि दुसरीकडे सुमाचा सोमवार.

“ढेकूण!” मी ओरडलो.

खलीलभाईंचा फोन गर्रकन माझ्याकडे वळला.

“आमच्या घरात ढेकूण झालेत! पलंग औषध मारायला गेलाय! पोरगं मैदानात खाजवतं ते त्याच्यामुळं! आणि ते अत्यंत जवळचं सूत्र…” इथं कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, “…मीच आहे हो!”

गौरवनं वळून शर्ट वर केला. पाठभर गांधी उठल्या होत्या! “मला वाटलं, नव्या साबणाचं पुरळ आलं,” तो म्हणाला. मॅनेजर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी नागपूरला कळवलं, “आमचा माणूस कुठंही जात नाही.” हे ऐकून मी खुर्चीत बसकण मारली. गेले दोन दिवस छातीवर साडेसात फुटी पलंग घेऊनच फिरत होतो जणू!

सुमाला फोन लावला. “येतोय गं सोमवारी,” म्हणालो. ती रडली, हसली, आणि मग म्हणाली, “मोबाईलवर बघितलं सगळं. वहिनीला सांग, मीच येते औषध घेऊन. समदं घर धुऊन काढू.”

घरी मीनल दारातच उभी होती. प्रक्षेपण तिनंही बघितलं होतं. (सगळ्या शहरानं बघितलं होतं!) 

“संघानं गौरवला नवा लांब पलंग कबूल केलाय,” मी घाईघाईनं म्हणालो.

“तो खाली लागंल, आपल्या खोलीत. गौरव तिथं झोपंल. मी वन्संबरोबर हॉलमध्ये. तुम्ही वर.”

“आणि माझ्या बदल्यात?”

“तुमच्या बदल्यात कोण काय देतंय?”

अशी ती अदलाबदल शेवटी झाली, ती आमच्या घरात. गौरव पुन्हा पहिल्यासारखा खेळतोय आणि सोमवारी लासूरला जातोय. पडेगावहून परत आलेल्या साडेसात फुटी पलंगावर आता साडेपाच फुटांचा मी झोपतो. सगळे ढेकूण मेले, असं औषधवाल्यानं छातीठोकपणे सांगितलंय.

सकाळी खलीलभाई दुकान उघडता उघडता विचारतात, “क्या काका, नींद आयी?”

मी पाठ खाजवतो, आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, “सध्या काही बोलता येत नाही.”