गाझाची पाटी आणि हवालदारांच्या फेऱ्या

गणपतीच्या कारखान्यात धूळ आणि किस्से रोज झाडले तरी साठतात. आठवीत शाळा सोडून मी इथे लागलो, तेव्हापासून ऐकतोय. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितो.

कारखाना पेणजवळच्या जोह्यात आहे. मालक भास्करकाका, त्यांची मुलगी मनाली, मी आणि चार रंगारी. गाझात ढिगाऱ्यातून काढलेली पोरं काकांनी मोबाईलवर बघितली आणि ठरवलं, महिन्यातून एकदा पेणच्या एसटी स्टँडबाहेर अर्धा तास पाटी घेऊन उभं राहायचं. घोषणा नाहीत. फोटो फिरला, गाझातून कुणीतरी आभार कळवले, आणि पोलिसांच्या गोपनीय विभागाचे एक हवालदार आमच्याकडे यायला लागले.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "परदेशात संबंध आहेत का?"

"हायत की," काका म्हणाले. "अमेरिका, मॉरिशस, दुबई."

हवालदारांनी वही उघडली. "कसले?"

"मूर्ती जातात. तीस वर्षं पाठवतोय, कोण विचारायला आला नाय. गाझातल्या माणसांची खुशाली विचारली, तर तुम्ही आलात."

हवालदारांनी वही मिटली आणि चहा घेतला.

*

पुढच्या खेपेला त्यांना पाटी बघायची होती. पाटीवरची बाई मी रंगवली होती, कडेवर मूल घेतलेली.

"ही कुठली?"

"गाझाची," मी म्हणालो.

"मग नाकात नथ कशी?"

मी बघितलं तर खरंच नथ होती. कपाळाला चंद्रकोरही. आठ दिवस गौरीचेच मुखवटे रंगवत होतो. हात आपोआप गेला.

काका म्हणाले, "राहू दे. आपलीच दिसते."

*

मग रोह्याला उभं राहायचं ठरलं. परवानगीच्या अर्जावर मोर्चा किंवा सभा, एवढेच दोन रकाने. नुसतं उभं राहायचा रकाना नव्हता. आम्ही सभेवर खूण केली, तर वक्त्याचं नाव मागितलं. काका तिथे नव्हते. रंगाऱ्यांनी माझं नाव घातलं.

सभेच्या दिवशी मी उभा राहिलो. हवालदार मोबाईलवर रेकॉर्ड करत होते.

"नमस्कार," मी म्हणालो. "त्यांना मारू नका." पुढचं काही आठवेना.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "एवढंच? मी रिपोर्टात काय लिहू?"

"एवढंच लिहा," मी म्हणालो.

*

मनाली नर्स आहे, सुट्टीला कारखान्यात मदत करते. तिला बाहेरच्या देशात हॉस्पिटलात नोकरी लागली. पासपोर्टच्या पडताळणीला हेच हवालदार आले. माणूस वाईट नाही. त्यांनीच कोरा कागद पुढे केला.

"लिहून दे. वडिलांच्या या पाटीच्या कामाशी माझा संबंध नाही. म्हणजे पासपोर्ट अडकणार नाही."

काका मूर्तीचे डोळे आखत होते. त्या वेळी ते कुणाशी बोलत नाहीत. त्या दिवशी ब्रश खाली ठेवून म्हणाले, "लिही गो. मी काय मनाला लावून घेणार नाय."

मनालीने विचारलं, "बाबा, गाझातला जखमी माझ्या वॉर्डात आला, तर त्याच्याशीपण संबंध नाय म्हणून लिहू?"

काकांनी ब्रश परत उचलला. तिने लिहिलं: मी पेणला चार वेळा आणि रोह्याला एकदा उभी राहिले. पुढेही राहीन.

हवालदारांनी दोनदा वाचलं. कागद तिच्यासमोर परत ठेवला. "पोरी, नीट बघ. काही बदलायचं असेल तर आत्ताच."

मनालीने नीट बघितलं.

"तारीख राहिली," ती म्हणाली. तारीख घातली आणि कागद त्यांच्या हातात दिला.