मर न लागलेला तुकडा

ऐंशीनंतरची काही वर्षं मी नाशिकच्या एका शेती प्रयोगशाळेत मदतनीस होते. दिवसभर काचेच्या बशा धुवायच्या, उकळायच्या आणि त्यांत मर रोगाची बुरशी वाढवायची. या बुरशीनं हरभऱ्याचं उभं रोप दोन दिवसांत मान टाकायचं. संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीचा काटा ढिला व्हायचा.

एकदा प्रयोगशाळेच्या साहेबांबरोबर सिन्नरकडे एका बाईंचं शेत बघायला गेले. सगळा हरभरा वाळलेला, फक्त बांधाकडचा तुकडा हिरवागार.

"इथं काय टाकलं, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय. पूर्वी इथं गुरं बांधायचो. तवापासून इथं मर लागत नाय."

साहेबांनी तिथली माती पिशवीत भरून घेतली. त्या मातीतले जिवाणू वेगळे करून एकेकाला बुरशीसमोर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने रोज तेच. बुरशी कापसासारखी पसरायची आणि जिवाणूचा ठिपका झाकून टाकायची. एका सकाळी मात्र एका बशीत ती पिवळसर हिरव्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर थांबलेली दिसली. मी साहेबांना हाक मारली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हा आजूबाजूचं लोह आधीच ओढून घेतो," ते म्हणाले. "बुरशीला उरतच नाही. मुळाभोवतीची जागाही हाच अडवत असणार."

गुळाच्या पाण्यात तो जिवाणू कालवून आम्ही बियाण्याला चोळला. कुंड्यांत रोपं तगली. मग बाईंच्या रोगट भागात तेच बी पेरलं. महिन्याभरानं जाऊन पाहिलं, तर निम्म्याहून जास्त रोपं वाळलेली. साहेब बांधावर बसले.

"कुंडीतली माती आपण भाजून घेतली होती, त्याला राज्य मोकळं होतं," ते म्हणाले. "इथं आधीचे लाखो जिवाणू बसलेत. एकट्याला कोण टिकू देतंय?"

बाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं.

"एकट्याला कशाला आणता?" त्या म्हणाल्या. "मी त्या गुरांच्या जागेची मातीच पाट्या भरभरून इकडं टाकते. वर शेणखत. बघू."

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब द्राक्षांवर काम करणारे. हरभऱ्याची वही कपाटात गेली. मलाही त्यांच्यापाशी विषय काढायचं त्राण नव्हतं.

दोनेक वर्षांनी एका रविवारी मी एकटीच एसटीनं बाईंकडे गेले. रोगट भागातला बराचसा हरभरा उभा होता. मधे मधे वाळलेली रोपं होती, पण मोजकी.

"तुमचं साहेब नाय आलं?"

"बदली झाली त्यांची."

"मंग त्यांला कळवा," असं म्हणून त्यांनी घाटे लागलेले डहाळे उपटून माझ्या हातात दिले. मी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर होता की नाही, देव जाणे.