पाच मुहूर्तांचा दिवेवाला

दिवेवाल्यावरचा पहिला सिनेमा माझ्यामुळे पडला, असं लोक म्हणायचे. ते खोडून काढायचं तर साक्षीदार हवेत, आणि तेवढे लोक तो सिनेमा बघायला आलेच नव्हते.

दिवेवाला हा आमच्या चित्रकथेचा नायक. साठीच्या दशकात नागपूरच्या महाल भागातून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तो दर शनिवारी यायचा. दिवसा उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत राबणारा साधा मजूर. काम सुटलं की तोंडाला काळं फडकं बांधायचा, कपाळावर खाणीतला दिवा चढवायचा आणि अन्याय करणाऱ्यांना झोडपून काढायचा. शब्द माझे, चित्रं माझ्या मित्राची.

मित्र गोळीबार चौकाजवळच्या विणकर घरातला. घरात हातमाग होते आणि हा साड्यांच्या काठांचे नक्षे चौकटीच्या कागदावर उतरवून द्यायचा. चित्रकथाही तो त्याच कागदावर काढी. त्यामुळे दिवेवाल्याचा जबडा पायऱ्यापायऱ्यांचा दिसे आणि त्याची मूठ काठावरच्या रुईफुलासारखी उमलल्यागत वाटे. लोकांना ते फार आवडायचं. मी शाळेत मराठी शिकवत होतो. माझे संवाद लोकांना आवडत की नाही ते मला कधी कळलं नाही, कारण संपादकाकडे आलेली पत्रं चित्रांबद्दलच असायची. हेव्याचं बी तेव्हाच पडलं असावं. मी मात्र त्याला वाङ्मयीन मतभेद म्हणत असे.

सत्तरीच्या सुरुवातीला काही हौशी मंडळींनी पैसे जमवून दिवेवाल्यावर सिनेमा काढला. पटकथा आणि संवाद माझे होते. पहिल्याच दृश्यात नायकाच्या बापाचं प्रेत खाणीतून बाहेर येतं आणि नायक त्याच्यासमोर भाषण करतो. भाषण बरं होतं, पण लांब होतं. पहिल्या दिवशी मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘आता बापच उठून बसते पाहा.’ चार दिवस मॉर्निंग शो झाले आणि पाचव्या दिवशी टॉकीजवाल्यानं दुसरं पोस्टर लावलं.

त्या चार दिवसांत सिनेमा दोनदा पाहणारा एकच माणूस होता. शहराबाहेरच्या वाडीचा एक ट्रान्सपोर्टवाला सेठ. अमरावती रस्त्यावर त्याची गोदामं होती. माल चढेपर्यंत त्याचे ड्रायव्हर आमचं साप्ताहिक एकमेकांना वाचून दाखवायचे. तिथून त्याला दिवेवाल्याचं वेड लागलं होतं. दोनेक वर्षांनी त्यानं माझ्या मित्राला बोलावून घेतलं. एकट्याला.

मित्र तिथून सरळ माझ्याकडे प्रतापनगरला आला. तेव्हा आमच्या घराभोवती चार घरं होती, बाकी नुसते प्लॉटांच्या हद्दीचे दगड. व्हरांड्यात बसून त्यानं सगळं सांगितलं. सेठ दिवेवाला पुन्हा काढणार होता, पण अगदी पहिल्यापासून. नवा नायक, नवी गोष्ट, जुन्यातलं काही ठेवायचं नाही. मित्राला त्यानं आर्ट डायरेक्टर केलं होतं.

“आणि संवाद?” मी विचारलं.

त्यानं चहाच्या कपात पाहिलं. “तुले काय सांगू गा. तो म्हणते, मास्तरचा दिवेवाला मारते कमी अन् बोलते जास्त.”

समीक्षा म्हणून हे वाक्य अचूक होतं, म्हणूनच ते मला नऊ वर्षं पुरलं. मला फार काही नको होतं. पडद्यावर एक ओळ हवी होती: कथा, आणि तिच्या पुढे माझं नाव. दिवेवाला जन्मला तेव्हा आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलो होतो. कपाळावर दिवा लावायची कल्पना माझी होती. याची मला पक्की खात्री होती. ती आपलीच, अशी मित्राचीही खात्री असावी, पण तो कधी बोलून दाखवत नसे. मोठेपणाची ही तऱ्हा मला सगळ्यात जास्त टोचायची.

सेठची एक श्रद्धा होती: रिळावर जे पहिलं उमटेल तेच सिनेमाचं नशीब. माझ्या सिनेमाचं पहिलं दृश्य प्रेताचं होतं, म्हणून तो मेला. तेव्हा नव्या सिनेमाच्या मुहूर्ताला शेवटचं दृश्य घ्यायचं असं ठरलं, दिवेवाल्याच्या विजयाचं.

पहिला मुहूर्त मी पाहिला. वाडीच्या गोदामासमोर कॅमेऱ्याला हार घातला होता आणि कॅमेरा ज्या ट्रकवर होता त्याच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. मागे मित्रानं रंगवलेला खाणीचा पडदा. समोर इतवारीतल्या आखाड्याचा एक पैलवान, धोतरात, कपाळावर दिवा. नारळ फुटला. पैलवानानं पाय पुढे टाकला आणि म्हटलं, “आता या गावात अंधार राहणार नाही.”

ते वाक्य माझं होतं. चित्रकथेच्या चौथ्या भागातलं. जुन्यातलं काही ठेवायचं नाही असं ठरलेलं असताना ते राहून गेलं होतं, आणि कोणाचं आहे हे तिथे कोणालाच आठवत नव्हतं. पैलवानानं ते पाठ केलेल्या पाढ्यासारखं म्हटलं तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रकच्या आडून पेढा खाल्ला आणि घरी आलो.

मग काहीच झालं नाही. डिझेल महागलं, सेठचं लक्ष ट्रकांवर गेलं. दीड वर्षानं तो परत सिनेमाकडे वळला तेव्हा जुना मुहूर्त शिळा झाला असं त्याच्या ज्योतिषानं सांगितलं, आणि त्याच पैलवानाला नवे कपडे घालून नवा मुहूर्त झाला. दृश्य अर्थातच विजयाचं. त्यानंतर आणीबाणी आली, आणि तोंड झाकून कायदा हातात घेणारा माणूस सध्या पडद्यावर नको, असं कोणीतरी सेठच्या कानात सांगितलं. ती उठेपर्यंत पैलवान पोलिसात भरती झाला होता. तोंड झाकायची त्याला आता गरज उरली नव्हती.

तिसऱ्या मुहूर्ताला सायन्स कॉलेजातला एक देखणा विद्यार्थी होता, बेलबॉटममध्ये. खाणीत बेलबॉटम कशी चालते हे मी विचारलं तर मित्र म्हणाला की दिग्दर्शक मुंबईहून आला आहे. तो दिग्दर्शक दोन महिने सीताबर्डीच्या लॉजमध्ये राहिला, रोज संत्री खाल्ली आणि एक दिवस निघून गेला. चौथा आणि पाचवा मुहूर्त सेठच्या भाच्यानं साजरा केला. पहिल्यांदा रेग्झिनच्या जाकिटात, दुसऱ्यांदा त्याच जाकिटाची बटणं उघडी टाकून, कारण मधल्या काळात त्याचं लग्न झालं होतं आणि ती लागत नव्हती.

खलनायक मात्र मिळेना. ज्याला विचारावं तो सेठचा व्याही नाहीतर वकील नाहीतर मोठं गिऱ्हाईक निघायचा, आणि वाडीच्या चौकात सगळ्यांसमोर मार खायची कोणाची तयारी नसायची. नऊ वर्षांत दिवेवाला पाच वेळा जिंकला. कोणाला जिंकला ते ठरायचं होतं.

दर रविवारी मित्र येऊन हे मला सांगायचा. त्याच्या अंगावर नवा बुशशर्ट असायचा, खिशात मुहूर्ताच्या पत्रिका. त्याच्या नावापुढे छापलेलं ‘कलादिग्दर्शन’ मी इतक्या वेळा वाचलं की त्यातली वेलांटी आणि रफार मला पाठ झाले. मी ऐकायचो, मान हलवायचो, चिवडा पुढे करायचो. कामात काही अडचण आली असेल तर मी अधिक आपुलकीनं चौकशी करायचो. हे फक्त माझ्या बायकोच्या लक्षात आलं होतं. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि ती आतून म्हणाली, “गाणं गुणगुणून राहिले जी तुमी. सिनेमा पुन्हा बंद पडला वाटते.”

मी म्हटलं, तसं काही नाही. ती म्हणाली, “मंग चालू झाला असन तर सांगा. भाजी साधी करतो. तुमाले जेवण जात नाही त्या दिवशी.”

पुढे घरोघर व्हिडिओ आले. भाड्यानं कॅसेट आणून लोक अंगणात सिनेमे पाहू लागले आणि टॉकीजवाले दारात उभे राहून रस्त्याकडे बघू लागले. सेठही थकला होता. एका दुपारी त्याची जीप माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. मला बोलावलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

गोदामात पोत्यांच्या थप्पीवर पांढरी चादर ताणली होती. सेठ खुर्चीवर, मित्र प्रोजेक्टरपाशी. त्यानं माझ्याकडे पाहून हात केला, शाळेतला मुलगा निकालाच्या दिवशी करतो तसा. सेठनं सांगितलं की पाचही मुहूर्तांची रिळं एकापाठोपाठ लावली आहेत. पाहा, मग बोलू.

दहा-बारा मिनिटांचंच काम होतं. पैलवान आला, पुन्हा पैलवान, मग विद्यार्थी, मग भाचा, आणि पुन्हा भाचा. पाच वेळा दिवा पेटला, पाच वेळा माझं वाक्य आलं. मी हसायच्या तयारीनं बसलो होतो. पण मागचा पडदा पाचही वेळा तोच होता. मित्रानं दर मुहूर्ताला त्याच कापडावर पुन्हा रंग चढवला होता, आणि त्यामुळे खाण दर वेळी जास्त काळी, जास्त खोल होत गेली होती. पायऱ्यापायऱ्यांचे ते खडक शेवटी इतके खरे वाटत होते की भाच्याचं पोटसुद्धा दिसेनासं झालं. मला एकदम कळलं: हे पाच सुरुवातींचे भंगार तुकडे नव्हते. खाणीत एकच मजूर थोडाच असतो? एक पडला की तोच पुन्हा उठतो, नाहीतर दुसरा त्याचा दिवा उचलून कपाळाला बांधतो. चेहरे वेगळे, कपडे वेगळे, म्हणूनच तर खरं. पाच विजय तयार होते; त्यांच्या मधे चार पराभव हवे होते, आणि पराभव लिहायला माझ्याहून लायक माणूस नागपुरात नव्हता.

तेवढ्यात मित्र म्हणाला, “मी सेठले म्हटलं, एक गेला की दुसरा दिवा बांधते. असं दाखवायचं. मधलं तूच लिहू शकतं, हेही मीच म्हटलं.” आणि त्यानं कोपऱ्यातली एक पाटी उचलून माझ्यासमोर धरली. नावांची पाटी, त्यानंच रंगवलेली. कथा, पुढे त्याचं नाव. संवाद, पुढे माझं. दोन्ही ओळींची अक्षरं एकाच मापाची. माझ्या नावाभोवती त्यानं बारीक काठ काढला होता. स्वतःच्या नावाभोवती नव्हता.

“मास्टरजी,” सेठ म्हणाला, “तुम्ही मुँहदेखी बोलणारे नाही, इतना मुझे मालूम है. आर्टिस्टबाबू म्हणतात जुळेल. तुम्ही म्हणाल तर लावतो पैसा. नाही म्हणाल तर आज खतम. सांगा, जुड़ेगा क्या?”

मी पाटीकडे पाहत होतो. कथा या शब्दाकडे.

“नाही,” मी म्हणालो. “नाही जुळणार.”

मग मी कारणं दिली. वर्गात देतो तशी, क्रमानं. तीन वेगळे चेहरे एकच दिवेवाला म्हणून कोणी मानणार नाही. बेलबॉटम आली की लोक हसतील. खलनायकाशिवाय विजय म्हणजे नुसता पवित्रा. प्रत्येक कारण बरोबर वाटत होतं. मला आवाजात थोडासुद्धा कंप जाणवला नाही. सेठनं बराच वेळ मान हलवली आणि माणसांना हाक मारून चादर उतरवायला सांगितली. पोती भरायला ट्रक बाहेर उभाच होता. मित्र रिळं डब्यात भरू लागला. जीपनं मला घरी सोडलं.

पुढच्या रविवारी तो येणार नाही अशी माझी खात्री होती. तो नेहमीच्या वेळेला आला, जुन्या शर्टात. मी आधीच दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, पण त्यानं बोलूच दिलं नाही.

“बरं केलं गा तू,” तो म्हणाला. “नऊ वर्षं माह्या तोंडून निघत नव्हतं. सेठले दुसऱ्या कोणाचं पटलं नसतं. मले वाटे, जुळते, जुळते. तू नाही म्हटलं अन् डोक्यावरचं ओझं उतरलं पाहा.”

“तुला राग नाही आला?”

“कायचा राग? तुले समजते त्यातलं.”

उमरेडहून एक जण नव्या काठाचा नक्षा मागायला आला होता, तो कसा काढायचा ते त्यानं मला बोटानं टेबलावर काढून दाखवलं. पोटभर चिवडा खाल्ला, बायकोकडून दुसरा कप चहा मागून घेतला. मग ऊन फार आहे, थोडा पडतो, म्हणून व्हरांड्यातल्या खाटेवर आडवा झाला.

बायको कपबशा उचलत होती. हळूच म्हणाली, “खरंच जुळत नव्हता का जी?”

“जुळत होता,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन आत गेली. चार पराभव माझ्या डोक्यात ओळीनं, शब्दांसकट तयार झाले होते. पहिला कुठे संपतो आणि दिवा कोणाच्या हाती जातो, तेही. ते ऐकून ज्याला खरोखर आनंद झाला असता असा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो हात उशाखाली घेऊन घोरत होता.