वेत वाळेपर्यंत

वेताच्या खुर्च्या विणून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःला कुठे बसता येऊ नये, याला काय म्हणावं? गल्लीनं त्यावर डोकं शिणवलं नाही. सरळ नाव ठेवून टाकलं, भिंगरीकाका. तोंडावर नुसतं ‘काका’, पाठ वळली की ‘भिंगरी’. आणि पाठ वळायला वेळ लागायचाच नाही, कारण काका एका जागी उभे राहतील तर शपथ.

बायको गेल्यापासूनचं हे. वर्ष होत आलं होतं. पहाटे दाराची कडी वाजली की वरच्या मजल्यावरची मावशी नवऱ्याला कोपरानं ढोसायची, “उठा, भिंगरी सुटली.” मग काका गल्लीच्या टोकापर्यंत, तिथून पुलापर्यंत, पुलावरून परत. परत येऊन खिडकीशी, खिडकीशी जीव रमला नाही की मोरीशी, तिथून पुन्हा दाराशी. जेवणसुद्धा उभ्यानं. ताट फडताळावर ठेवायचं, एक घास घ्यायचा आणि चावता चावता खोलीला एक फेरी मारून यायची. मावशीचं म्हणणं असं, की या माणसाचं अन्न पोटात जात नाही, थेट पायात उतरतं.

कामही उभ्यानंच. पूर्वी काका बुटक्या चौरंगावर बसून, खुर्चीची चौकट मांडीशी धरून विणायचे. एक हात वर, एक हात खाली, वेताची साल या भोकातून त्या भोकात अशी सरसर जायची की बघणाऱ्यानं बोलणं विसरावं. आता चौकट टेबलावर आणि काका तिच्याभोवती, गिऱ्हाइकाला वाटावं हा माणूस खुर्चीवर पाळत ठेवून आहे. वीण बिघडली. शिंप्याच्या खुर्चीची बैठक महिन्याभरात पोटासारखी सुटली. शिंपी भला माणूस, काही बोलला नाही. फक्त खुर्ची दुकानाच्या दर्शनी भागातून मागे नेली.

हे सगळं मुलीच्या डोळ्यांदेखत. एकुलती एक मुलगी, आईवर गेलेली, म्हणजे कमी बोलणारी आणि एकदा बोलली की मागे न घेणारी. बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलेली. लांबच्या गावातल्या शाळेनं तिला जागा देऊ केली होती. दोनदा तिनं ‘घरी अडचण आहे’ म्हणून पुढची तारीख मागून घेतली. तिसऱ्यांदा शाळेनं कळवलं, सोमवारी या, नाहीतर दुसरी बाई बघतो.

“तू जा,” काका म्हणाले, खिडकीकडून दाराकडे जाता जाता.

“जाते. तुम्ही एकदा बसून जेवा. एक जेवण, पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत. मग मी बॅग भरते.”

“त्यात काय एवढं.”

त्या दुपारी काका खाटेच्या कडेवर बसले, ताट मांडीवर घेतलं, दोन घास खाल्ले आणि खाली टाचणी असल्यासारखे उठले. ताट पालथं झालं. मुलीनं फरशी पुसली. उघडी बॅग कोपऱ्यात तशीच.

आता यात आतली गोष्ट अशी. काकांची बायको दवाखान्यात होती तेव्हा चर्चच्या प्रार्थना मंडळात सगळ्यांत मोठा आवाज काकांचा. बरी होणार म्हणजे होणार. कुणी हळूच ‘देवाची इच्छा’ असं पुटपुटलं तर काका त्याच्याकडे असे बघायचे की बिचारा पुढची प्रार्थना मनातल्या मनात करायचा. आणि ती घरी येणार म्हणून त्यांनी तिच्यासाठी खुर्ची करायला घेतली. उंच पाठीची, रुंद हातांची. हातात जादू असलेला माणूस, पण घाई झाली होती. ओला वेत ताणायचा नसतो, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. भिजवलेली साल विणताना थोडी सैल सोडायची, वाळली की ती आपली आपण आवळते. काकांनी ओलीच खेचली, तारेसारखी. दिसायला झकास, टिचकी मारली तर वाजावी. ती वाळत होती आणि काका खुर्चीच्या हातांना तेल लावत होते, तेवढ्यात कोपऱ्यातली साल फाटकन तुटली. पाठोपाठ शेजारची. मग दवाखान्यातून फोन आला.

तेव्हापासून ती खुर्ची जुन्या चादरीखाली, दारामागे. काकांनी तिला हात लावला नाही, दुसऱ्याला लावू दिला नाही. चर्चला जायचे, पण मागे, दाराच्या चौकटीला टेकून, अर्धे आत अर्धे बाहेर. सगळे मिळून विश्वासाचे शब्द म्हणायचे तेव्हा मेलेले पुन्हा उठतील त्या ओळीला काकांचे ओठ मिटायचे. ती ओळ ओलांडून पुढे पुन्हा सुरू, चिखल ओलांडावा तसे.

शेवटी मुलीनं चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. पाळकसाहेब म्हणजे देहानं भरभक्कम माणूस. लग्नाच्या फोटोत ते कडेला उभे राहिले तरी मध्यभागीच वाटायचे. शुक्रवारी सकाळी ते जिना चढून वर आले तेव्हा धाप लागलेली, कपाळावर घाम, आणि डोळे बसायला जागा शोधत होते.

खुर्च्या विणणाऱ्याच्या घरातली गंमत ही, की खुर्च्या भरपूर असतात पण एकीलाही बूड नसतं. सगळ्या गिऱ्हाइकांच्या, विणायला आलेल्या, नुसत्या चौकटी. खाटेवर मुलीचे धुतलेले कपडे पसरलेले. मुलगी चहा करायला आत. काका पाहुण्याकडे पाठ करून खिडकीशी, कारण उपदेश समोरून घेण्यापेक्षा पाठीवर घेतलेला बरा. पाळकसाहेबांना दारामागे चादर पांघरलेली एक खुर्ची दिसली. उंच पाठीची, रुंद हातांची. त्यांनी देवाचे आभार मानले आणि बसले.

आवाज गल्लीत ऐकू गेला. मावशी नंतर सांगायची, मला वाटलं कपाट पडलं.

काका वळले तर पाळकसाहेब चादरीसकट खुर्चीत आरपार. गुडघे छातीशी, बूट हवेत, आणि चेहऱ्यावर असा शांत भाव की जणू पाळकांनी असंच बसायचं असतं.

“उठू नका,” काका म्हणाले.

“उठतो म्हटलं तरी कोण उठू देतंय.”

काकांनी खाली वाकून पाहिलं. तुटलेल्या सालींची टोकं सगळी खाली वळली होती, उंदराच्या पिंजऱ्याच्या तोंडासारखी. आत जाताना वाट देणारी, बाहेर येताना टोचणारी. वर ओढलं तर साहेबांची पॅन्ट गेली असती, आणि नुसती पॅन्टच नव्हे.

“खालून कापावं लागेल.”

“कापा. फक्त काय कापताय ते बघून कापा.”

मुलगी चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. पाळकसाहेब तिला म्हणाले, “ये बाळ, चहा दे. हात मोकळे आहेत अजून.” तिनं कप दिला. आणि तिला दिसलं की वडील सुरी घेऊन खुर्चीखाली फरशीवर बसलेत. नीट मांडी घालून. रस्त्यात चिमणी दाणे टिपत असली की आपण पाऊल उचलत नाही, तशी उभी राहिली. मग मागच्या मागे आत गेली.

सुरी चालू झाली. वरून काकांचा चेहरा दिसत नव्हता आणि खालून साहेबांचा. कदाचित म्हणूनच काका बोलले.

“तुम्ही म्हणाला होता, बरी होईल.”

“म्हणालो होतो.”

“तिच्या उशाशी उभं राहून.”

“हो.”

एक साल कापली गेली. दुसरी.

“मग?”

पाळकसाहेबांनी चहाचा घोट घेतला. एरवी त्यांच्याकडे अशा प्रसंगासाठी पाऊण तासाचं सामान तयार असायचं. पण बूड खुर्चीत अडकलेलं असताना माणसाला आवाज चढवता येत नाही. “मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “देवानं मला तसं काही सांगितलेलं नव्हतं. तुमचा चेहरा बघवेना म्हणून बोललो. पाळकानं असं बोलू नये. बोललो.”

सुरी थांबली.

“मी तुमच्या शब्दावर विसंबलो,” काका खालून म्हणाले. “मला वाटलं यांना वरून कळलंय. मी सगळ्या मंडळाला दटावून ठेवलं. आणि ती मला म्हणत होती, अहो, मला भीती वाटते, जरा बसा जवळ. मी म्हटलं भिऊ नकोस, तू घरी येणार आहेस, आणि निघून आलो. ही खुर्ची विणायला.” सुरी पुन्हा चालू झाली. “बसलो नाही साहेब. ती म्हणत होती बसा.”

एवढं वर्षभर गल्लीला कळलं नव्हतं. गल्लीला म्हणजे मावशीला, आणि मावशीला कळलं नाही म्हणजे काकांनी ते किती खोल पुरलं असेल.

“देवानं सांगितलं काय होतं मग?” काकांनी विचारलं. आवाजात राग होता, खरा, पोटातला.

“ती जगेल असं नाही सांगितलं. मेली तरी त्याच्या हातातून सुटणार नाही, एवढंच सांगितलं होतं. कबरेतून स्वतःचा मुलगा उठवला तसा तिलाही उठवील. आपल्याला ते थोडं वाटलं. आपल्याला ती संध्याकाळच्या गाडीनं घरी हवी होती.” मग हळूच, “मलाही हवी होती हो.”

काका कापत राहिले. मग धंद्याचा माणूस जागा झाला आणि पुटपुटला, “मीच ओला वेत ताणला. सैल सोडायचा असतो. सैल दिसतो, गिऱ्हाईक कुरकुरतं, पण वाळला की आपोआप बसतो घट्ट. मला धीर निघाला नाही.”

पाळकसाहेबांना समोर आयता दृष्टांत वाढलेला दिसला. त्यांच्या ओठांपर्यंत आला. पण त्यांनी त्याला चहाबरोबर गिळलं, आणि हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम म्हणायला हरकत नाही. (पुढं महिन्याभरानं एका रविवारी त्यांनी तो वापरलाच. माणूस किती दिवस कळ काढणार.)

खुर्ची सुटली. साहेब सुटले. जाताना जिन्यात मावशीनं विचारलं, “काय साहेब, लागलं का?” ते म्हणाले, “लागलं, पण कुठं ते सांगण्यासारखं नाही.”

दुपारी काकांनी चौकटीच्या भोकांतून जुन्या सालीचे उरलेसुरले तुकडे टोच्यानं काढून टाकले. सगळे. एकही जुना धागा ठेवला नाही, कारण जुन्यात नवं विणलेलं टिकत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. घमेल्यात साल भिजत घातली. मग चौरंग ओढला आणि बसले. मधेच उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. असं पुष्कळदा झालं. पण प्रत्येक वेळी चौरंगाकडेच परत. दिवेलागणीपर्यंत वीण पुरी झाली. सैल. बघून कुणीही म्हणालं असतं, काका, हात गेला तुमचा.

शनिवारी खुर्ची खिडकीशी वाऱ्यावर. वाळेपर्यंत तिच्यावर कुणी बसायचं नाही, बोटसुद्धा टेकायचं नाही. काकांना त्या दिवशी करण्यासारखं काही नव्हतं आणि पाय ऐकत नव्हते. पुलापर्यंत गेले, आले. पुन्हा गेले. पुलावर त्यांना एक चमत्कारिक प्रश्न पडला. जन्मभर त्यांनी शुक्रवारचं ऐकलं होतं, क्रुसाचं. रविवारचं ऐकलं होतं, रिकाम्या कबरेचं. मधल्या शनिवारचं कुणी काही सांगितलेलं आठवेना. त्या दिवशी शिष्य काय करत होते? दार लावून बसले होते म्हणतात. बसले कसले, काकांना वाटलं, येरझाऱ्या घालत असणार. शेवटी तो पेत्र म्हणजे मासे पकडणारा गडी, चार भिंतींत कसा टिकला असेल. त्यांना काय ठाऊक, उद्या काय आहे ते. त्यांना वाटलं असेल संपलं. आणि तिकडे देवाचं काम संपलेलं नव्हतं, फक्त यांना ते दिसत नव्हतं.

काकांना त्या शिष्यांची दया आली. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या कुणाची तरी आली. तरी छातीतली कळ काही गेली नाही, पाय चालतच होते. घरी आले, खुर्चीपासून हात मागे बांधून लांब उभे राहिले. साल किंचित आवळली होती. किंवा त्यांना तसं वाटलं.

रविवारी चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसले. कडेला, एक पाय बाहेर. ती ओळ आली. सगळे म्हणून पुढे गेले, आणि मग मागून, एकट्याचा, घोगरा, अर्ध्या वाक्यानं उशीर झालेला आवाज आला. मेलेले उठतील. दोघातिघांनी वळून पाहिलं. मुलीनं पाहिलं नाही. तिनं पुस्तक उलटं धरलं होतं, ते सरळ केलं.

गाडी दुपारची. मुलीनं पाव, दोन अंडी, सूप असं ताट वाढलं आणि ताटाकडे बघत उभी राहिली. खुर्ची खिडकीशी. काकांनी अंगठ्यानं बैठक दाबून पाहिली, मग बोटानं टिचकी मारली. भरलेला, खोल आवाज.

“बसा पप्पा.”

“तू बघतेस म्हणून जमत नाही.”

“मी बघितल्याशिवाय मला कसं कळणार?”

“नाही कळणार. तू जा, मी बसतो.”

“हे बरं आहे.”

“तुझी आई म्हणाली होती बसा. तिचं ऐकायचं राहिलंय. तुझ्यासमोर नाही बाई, तिच्यासमोर बसतो.”

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. तिला पुरावा हवा होता आणि मिळत होता फक्त शब्द. वर्षभर सगळ्यांनी दिलेल्या शब्दांचं काय झालं तेही तिला माहीत होतं. तिनं बॅग बंद केली. दारात वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि जिना उतरली.

गल्लीत तिनं वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वर मावशी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबत होती, मान वळवून खालच्या मजल्याच्या खिडकीत डोकावत, आणि हातानं खुणा करत होती. मुलीला खुणांची भाषा पोटापाण्याची. मावशीच्या खुणा त्यात बसणाऱ्या नव्हत्या, तरी कळल्या. बसले. मग तळहात वर, उठले. मीठ हवं असावं. मग तळहात खाली.

पुन्हा बसले.

मुलगी थोडा वेळ तिथंच थांबली. मावशीचा हात खालीच होता. मग तिनं बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली.