बुडालेले जहाज आणि हरिहर कंपाउंडर

कल्याणला पारनाक्यावर गोपीनाथराव डॉक्टरांचा दवाखाना होता, त्या काळातली ही गोष्ट. साल १८८४. त्या दवाखान्यात हरिहर नावाचा कंपाउंडर होता. त्याला इंग्रजी उतारे वाचायला शिकवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, आणि त्या चार महिन्यांत माझ्या डोक्यावरचे जे केस गेले ते अजून परत आलेले नाहीत.

हरिहर जातीने कासार. बापाचा बांगड्यांचा धंदा. त्यामुळे रोग्याचे मनगट हातात आले की हा आधी डोळ्यांनी बांगडीचे माप घ्यायचा आणि मग नाडी बघायचा. अंगाने किडकिडीत, आवाजाने मऊ, आणि हाताला विलक्षण चव. चव म्हणजे खरोखरची चव. गोपीनाथरावांचे कडू जहर मिक्श्चर याने ढवळून दिले की पोरे मागून प्यायची. त्यात हा काय घालायचा ते डॉक्टरांना कधी कळले नाही, आणि कळले असते तर त्यांनी याला बडवला असता.

मुंबईत तेव्हा असिस्टंट डॉक्टर तयार करणारा एक वर्ग होता. तीन वर्षे शिकायचे आणि मग कुठल्या तरी तालुक्याचा दवाखाना सांभाळायचा. त्या वर्गात जायला प्रवेशपरीक्षा. तिच्यात गणित होते, शुद्धलेखन होते, आणि इंग्रजी वाचन होते. दोन उतारे, उमेदवाराने पूर्वी न पाहिलेले. प्रत्येकाखाली पाच प्रश्न. दीड तास. अट अशी की उमेदवाराला पंचवीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत. हरिहरला ती श्रावणात होणार होती आणि परीक्षा वैशाखात.

गोपीनाथराव मला म्हणाले, "मास्तर, हा पोरगा माझ्याहून बरा डॉक्टर होईल. या खेपेला पास झाला तर झाला. नाही तर जन्मभर माझ्या बाटल्या धुवील."

मी कल्याणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. मला वाटले, बाटल्यांवरची इंग्रजी नावे धडाधड वाचणाऱ्या माणसाला दोन उतारे म्हणजे काय मोठेसे. मी पहिल्याच दिवशी त्याला एका जहाजाचा उतारा दिला. जहाजावर चाळीस माणसे, वादळ येते, जहाज खडकावर आपटते, नऊ जण पोहून किनाऱ्याला लागतात, कप्तान जहाजाबरोबर बुडतो. खाली प्रश्न. हरिहरने अर्ध्या तासात उत्तरे लिहून वही पुढे केली. अक्षर मोत्यासारखे. व्याकरणात एक चूक नाही.

किती माणसे किनाऱ्याला लागली? उत्तर: पुष्कळ.

कप्तानाचे काय झाले? उत्तर: त्याला यायला उशीर झाला.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. उशीरच झाला होता. मी विचारले, बाबा, 'ड्राउन्ड' या शब्दाचा अर्थ तुला माहीत आहे का? त्याला माहीत होता. बुडून मेला, असे त्याने चटकन सांगितले. मग तसे लिहिले का नाहीस, तर म्हणाला, "मास्तर, एकदम कसं लिहायचं? त्याच्या घरची माणसं असतील की."

दुसऱ्या दिवशी घोड्याचा उतारा. शिपायाचा घोडा लढाईत पाय मोडून पडतो आणि शिपाई रडत रडत त्याला गोळी घालतो. हरिहरच्या उत्तरात शिपायाने घोड्याला विश्रांती दिली होती. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याची सगळी वखार जळाली. हरिहरने ती थोडी तापवून सोडून दिली.

मी रागावलो. मी समजावले. मी त्याला शपथ घातली की उताऱ्यात आहे त्याच्यापेक्षा एक अक्षर कमी नाही आणि एक अक्षर जास्त नाही. तो मान डोलवायचा. त्याची ती मान डोलवायची पद्धत इतकी मनापासूनची होती की तिच्याकडे बघून माझा संताप आणखी वाढे. शेवटी जहाजाचे उत्तर मी त्याच्याकडून दहा वेळा लिहून घेतले: नऊ जण वाचले. त्याने दहाही वेळा लिहिले, आणि दहाव्या ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात जोडले: बाकीच्यांची चौकशी चालू आहे.

हा रोग कुठला, ते मला माघात कळले. एका दुपारी मी दवाखान्यात गेलो तर पायरीवर ठमाबाई बसली होती. ठमाबाई ही खाडीकाठच्या एका गावची आगरी बाई. डोंबिवलीच्या पलीकडे मिठागरात काम करायची आणि खोकल्याचे औषध न्यायला आठवड्यातून एकदा रुळांच्या कडेने चालत कल्याणला यायची. तिचा मुलगा गुणाजी इगतपुरीला रेल्वेच्या खडीवर कामाला होता. त्याची पत्रे कोणी तरी लिहून द्यायचे आणि ठमाबाईची पत्रे हरिहर वाचून द्यायचा. ठमाबाईचीच काय, निम्म्या रोग्यांची. औषधाबरोबर पत्रवाचन फुकट.

त्या दिवशी हरिहर वाचत होता, की मी खुशाल आहे, पायाला टाके घातले होते ते आता सुकले, होळीला येणे जमेल असे दिसत नाही, तू वेळेवर जेवत जा. ठमाबाई डोळे मिटून ऐकत होती. ती औषध घ्यायला आत वळली तेव्हा मी कागद उचलला. तो तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्यात चारच ओळी होत्या. खडीची गाडी पायावरून गेली. डावा पाय घोट्यापासून कापला. इस्पितळात आहे. होळीला येणार नाही. वेळेवर जेवण्याबद्दल त्यात काहीही नव्हते.

मी हरिहरला मागच्या खोलीत ओढले आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो शांतपणे एका बाटलीला पट्टी चिकटवत होता. दवाखान्यातल्या बाटलीला एका बाजूने कागदाची पट्टी लावतात, तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असतात. एका खाचेपर्यंतचे औषध एका वेळी. हरिहरने ती बाटली माझ्यापुढे धरली.

"मास्तर, ही अख्खी बाटली एकदम पाजली तर माणूस मरेल. चार वेळा पाजली तर बरा होईल. बातमीचं तेच आहे." पहिल्या आठवड्यात त्याने पाय दुखावला एवढे वाचले होते. कागद आपल्याकडेच ठेवून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात तोच नवे पत्र म्हणून वाचून इस्पितळ सांगितले. आज टाके. पुढच्या आठवड्यात शेवटचा डोस.

आता मला बुडालेल्या जहाजाचा उलगडा झाला. हा माणूस उतारा वाचत नव्हता. तो उतारा कोणाला तरी पाजत होता, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबाच्या प्रकृतीची त्याला काळजी वाटत होती.

मी सांगितले, की पुढच्या आठवड्यात ते पत्र तू माझ्यासमोर वाचायचे. चार ओळी, लिहिल्या आहेत तशा. तेवढे जमले तर परीक्षा जमेल आणि नाही जमले तर मी शिकवणी सोडली. हरिहरचे तोंड उतरले. त्या आठवड्यात त्याच्या मिक्श्चरांचीसुद्धा चव गेली, असे पोरांच्या रडण्यावरून वाटले.

ठमाबाई आली. हरिहरने कागद घेतला. त्याने चार ओळी वाचल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वाचून झाल्यावर तोच पायरीवर खाली बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तयार उभा होतो.

ठमाबाई म्हणाली, "हां. पोपटनंपण असाच वाचलान."

हा पोपट स्टेशनावर सामान तोलायला होता. पत्र हातात पडले त्याच दिवशी ठमाबाईने ते त्याच्याकडून वाचून घेतले होते आणि मग हरिहरकडे आली होती. ती नेहमीच तसे करायची. महिनाभर तिला सगळे ठाऊक होते. हरिहरने तिच्याकडे असे पाहिले की मला त्याची कीव आली. त्याने विचारले, मग मावशी, तू माझ्याकडून चार वेळा कशाला ऐकलंस?

"पोपट वाचतं तं काळजावर धोंडा टाकल्यासारा. त्या दिशी घरी गेले आन् चुलीफुडं बसून रायले, भात करपला तरी उठले नाय. मंग तुझ्याकडं आले. तू वाईच वाईच सांगतंस, तं मी बी वाईच वाईच रडले." तिने पदराने तोंड पुसले. "पन मना समदा ठावं होता, पोरा. गूळ घातलास का तुजा आवाज मऊ येतो."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार महिन्यांत मला सुचलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट, आणि तीही एका निरक्षर बाईने सुचवलेली. मी ठमाबाईला परीक्षक नेमले. ती औषधाला आली की हरिहरने इंग्रजी उतारा डोळ्यांनी वाचायचा आणि काय लिहिले आहे ते तिला मराठीत सांगायचे. ती पायरीवर बसून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "ह्या नाय लिवलेला." मी कागदात बघायचो. खरोखर नसायचे. इंग्रजीचा गंध नसलेल्या त्या बाईने विलायतेतल्या पुस्तकांतल्या उताऱ्यांत हरिहरने घातलेला गूळ एकूण एक पकडला. एकदा तो म्हणाला की राजाने चोराला समज देऊन सोडले. ठमाबाई म्हणाली, "फाशी दिलान ना?" फाशीच दिली होती.

चैत्र संपेपर्यंत हरिहर सुधारला. माणसे बुडू लागली, घोडे मरू लागले, वखारी जळून राख होऊ लागल्या. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन दोन वेळा जेवलो.

परीक्षेच्या दिवशी मी त्याला गाडीत बसवून दिला. संध्याकाळी परत आणायला स्टेशनावर गेलो. तो उतरला तो प्रसन्न चेहऱ्याने. मी विचारले, उतारा कसला होता? डॉक्टरचा होता, म्हणाला. थंड मुलुखातला एक डॉक्टर, बर्फातून एका झोपडीत जातो, तिथे एक पोर तापाने पडलेले. पाचवा प्रश्न होता, डॉक्टरने आईला काय सांगितले? हरिहर म्हणाला, "लिहिलं होतं तसंच लिहिलं, मास्तर. हा मुलगा सकाळ बघणार नाही. अक्षर कमी नाही, अक्षर जास्त नाही."

मी भर प्लॅटफॉर्मवर त्याची पाठ थोपटली. मग दुसरा उतारा विचारला.

दुसरा उतारा राहिला होता.

राहिला म्हणजे? राहिला म्हणजे वेळ पुरला नाही. का पुरला नाही, तर पाचवे उत्तर लिहून झाल्यावर त्याने खाली रेघ ओढली, म्हणजे उत्तर संपले हे साहेबाला कळावे, आणि रेघेखाली त्या डॉक्टरने आईला कसे सांगायला हवे होते ते लिहिले. आधी दिवा जवळ आणायला सांगायचे. मग पाणी तापवायला लावायचे, म्हणजे तिचे हात कामात राहतील. मग घरात आणखी कोण आहे ते विचारायचे. चार पाने झाली. शेवटी बाटलीचे चित्र काढून खाचाही दाखवल्या होत्या.

स्टेशनापासून पारनाक्यापर्यंतचा एवढा मोठा रस्ता मी गप्प राहून आयुष्यात एकदाच चाललो आहे.

निकालाचे पत्र ज्येष्ठात आले, माझ्या पत्त्यावर. इंग्रजीत दोन ओळी. वाचन या विषयात पुरेसे गुण नसल्यामुळे प्रवेश देता येत नाही. वयाच्या अटीमुळे पुन्हा अर्ज करू नये. मी छत्री घेऊन निघालो. वाटेत विचार करत होतो, की आज नुसते सांगावे की पत्र आले आहे, अजून नीट वाचलेले नाही. उद्या सांगावे की गणितात छान गुण आहेत. पुढच्या आठवड्यात वाचनाचे काढावे, आणि वयाचे मात्र श्रावण उलटल्यावर.

दवाखान्यात हरिहर खल घेऊन काही तरी कुटत होता. ठमाबाई पायरीवर होती. मी खुर्चीवर बसलो, घाम पुसला, पत्र उघडले आणि म्हणालो की हरिहर, तुझ्या अक्षराबद्दल साहेबांनी फार चांगले...

"ह्या नाय लिवलेला," ठमाबाई म्हणाली.

मी म्हणालो, बाई, पत्र इंग्रजीत आहे. तर म्हणाली, "इंग्रजी आसंल. मास्तर, तुमाला वाचता नाय येत."

हरिहरने हात पुसले, माझ्या हातातून पत्र घेतले, एकदा डोळ्यांनी वाचले आणि मग तिला मराठीत सांगितले. मला घेतलेले नाही. वाचनात कमी पडलो. पुन्हा अर्ज करायचा नाही. आवाज कुठेही मऊ आला नाही. तेवढेच होते, आणि त्याने तेवढेच सांगितले. त्या वाचनाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण माझ्या गुणांना विचारतो कोण?

ठमाबाईने विचारले, आत पाणी तापवायला ठेवलंय का रे? परीक्षेतल्या त्या चार पानांबद्दल तिला कोणी सांगितले नव्हते. हरिहर तिच्याकडे बघतच राहिला. मग उठून आत गेला आणि शेगडी पेटवली. गोपीनाथरावांनी मागून ओरडून विचारले, की पाणी कशाला. कशाला ते कोणालाच सांगता आले नाही. ते तापले तेव्हा त्याने त्यात बाटल्या धुतल्या.